एलसीचा फॉर्म आम्ही भरला नाही

शाळेने आमच्या पोराला काढलं असं कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि सगळ्यात मोठी अडचण हीच होती. ऑफिसात बसवून सांगितलं, फोनवर सांगितलं, क्लास टीचरने गेटवर उभं राहून सांगितलं, पण लिहून कोणीच देईना. उलट क्लार्कने एक छापील फॉर्म पुढे सरकवला, शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी मिळण्याबाबत, अर्जदार पालक, आणि कारणाच्या रकान्यात पेन्सिलने आधीच लिहून ठेवलेलं होतं, 'घरगुती कारण'. म्हणे ताई, फक्त पेनाने गिरवा आणि खाली सही करा, दाखला लगेच देतो. मी म्हटलं भाऊ, घरात तर काहीच कारण नाहीये, कारण तुमच्या ऑफिसात आहे, तेच लिहा ना. तो गप्प बसला आणि फॉर्म परत घेऊन फाईलीत ठेवून दिला. त्या फाईलीत तसे अजूनही फॉर्म होते.

हे सगळं लिहितेय कारण मला खात्री आहे की असे फॉर्म भरून दिलेले कितीतरी आईबाप आपल्या खान्देशात आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की आपण आपल्या मर्जीने पोराला काढलं.

आधी थोडं आमच्याबद्दल. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मिस्टर जिनिंगवर कामाला, कापसाचा सीझन असला की रात्रपाळी आणि नसला की मिळेल ते काम, मी घरी ब्लाऊज शिवते. पोराचा पहिलीला आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत राखलेल्या २५ टक्के मोफत जागांतून, नंबर लागला, इंग्लिश मीडियमला, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. दुसरीत गेल्यावर आम्हाला जाणवायला लागलं की हा हाक मारली तर बघत नाही, वर्गात गोंगाट झाला की दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली जातो, पण एसटी स्टँडवर नेला तर एकूण एक बसची पाटी वाचतो, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागते ते कंडक्टरच्या आधी सांगतो, पाढे वीसपर्यंत पाठ. सिव्हिलला दाखवलं, तिथून मेडिकल बोर्डापुढे, सर्टिफिकेट मिळालं, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, ५० टक्के. शाळेला झेरॉक्स नेऊन दिली. मला वाटलं होतं आता त्यांना कळेल की पोरगा मस्तीखोर नाहीये, त्याला त्रास होतो म्हणून तो तसा वागतो. पण झेरॉक्स दिल्यापासूनच सूर बदलला.

तिसरीचा निकाल १ मे ला. गणितात ब-२, मराठीत ड, इंग्रजीत इ-१. शाळेच्या मॅडम म्हणाल्या याला चौथीत घालता येणार नाही, एकतर परत तिसरीत बसवा नाहीतर एलसी घ्या, खरं तर याची जागा स्पेशल स्कूलमध्ये आहे, आमच्याकडे तसे टीचर नाहीत, तुम्ही पोराचं नुकसान करताय. शेवटचं वाक्य मला फार लागलं. रात्री घरी नुसती चर्चा. सासरे म्हणाले, "कसाले कोर्ट कचेरीना नादले लागस, दुसरी शाळामा टाकी दे." जाऊबाई म्हणाल्या शाळेशी वैर घेतलं तर पोराला वर्गात त्रास देतील. ही भीती खोटी नाही, मलाही होती, आजही थोडी आहे. पण दुसऱ्या शाळेत सर्टिफिकेट दाखवल्यावर तिथेही हेच होणार होतं हे मला दिसत होतं, मग पळायचं तरी कुठवर.

आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एकदा तालुका विधी सेवा समितीकडून विधी स्वयंसेवक आले होते, त्यांनी पत्रक वाटलं होतं, ते मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. त्यावर १५१०० हा टोल फ्री नंबर होता, तो लावला. त्यांनी सांगितलं तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच समितीचं ऑफिस आहे, तिथे जा. मे महिना, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायची वेळ, ऊन ४४ च्या वर, मला वाटलं कोणी भेटणारच नाही, पण समितीचं टेबल चालू होतं.

आता महत्त्वाचं. मी जाताना उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड सगळं घेऊन गेले होते, कारण मला वाटलं फुकट वकील म्हणजे गरिबी सिद्ध करावी लागेल. तिथल्या भाऊंनी ते बाजूला ठेवलं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला मोफत वकील मिळतो ते दिलंय, त्यात स्त्री किंवा बालक असं सरळ लिहिलेलं आहे आणि दिव्यांग व्यक्ती वेगळी लिहिलेली आहे. यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आमचा पोरगा दोन्हीकडून बसतो आणि मी आई म्हणून पण बसते. बाप पगारदार असला, घरात ट्रॅक्टर असला तरी पोराचा हक्क जात नाही. अर्ज पानभराचा, मराठीत, फी नाही. वकिलाची फी, कोर्ट फी लागली तर ती, टायपिंग, नोटीस, सगळं ते बघतात. आमचा खर्च झाला तो झेरॉक्सचा, पोस्टाचा आणि एसटीचा, आणि एसटीला तर बायकांना अर्धंच तिकीट.

पॅनेलवरच्या एक वकील मॅडम मिळाल्या, वयाने माझ्याएवढ्याच. मी त्यांना सगळी कहाणी सांगायला लागले, शाळेने किती अपमान केला वगैरे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "ताई, शाळेने काय निर्णय दिलाय, तो कागद दाखवा." कागद नाही म्हटल्यावर म्हणाल्या मग आधी कागद तयार करू, कारण हवेतल्या बोलण्यावर कुठेच दाद मागता येत नाही, उद्या ते म्हणतील आम्ही असं बोललोच नाही आणि पालकांनी स्वतः दाखला मागितला.

त्यांनी मला पत्र लिहायला लावलं, माझ्याच नावाने, वकिलाची नोटीस नाही. नोटीस पाहिली की समोरचा माणूस वकिलाकडे पळतो, आईच्या पत्राला तो स्वतः उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं. पत्रात रागाचा एक शब्द नाही. अमुक तारखेला निकालाच्या दिवशी आपण मला आपल्या कार्यालयात असे सांगितले की माझ्या पाल्यास इयत्ता चौथीत बसवता येणार नाही, तिसरीत ठेवावे अथवा शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा. मला दाखला नको आहे. मी दाखल्यासाठी अर्ज केलेला नाही व करणार नाही. वरील निर्णय कोणत्या नियमाने घेतला ते लेखी कळवावे. बस, एवढंच. शेवटी सर्टिफिकेटची तारीख आणि शाळेला ते दिल्याची तारीख. मी ते घरी चार वेळा वाचलं असेल, 'मला दाखला नको आहे' हे वाक्य स्वतःच्या अक्षरात बघून अंगात एक प्रकारची ताकद आली, खरंच.

शाळेच्या आवक टेबलावर पत्र घेईनात. वकील मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, भांडायचं नाही, सरळ पोस्टात जायचं. रजिस्टर एडीने पाठवलं, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना. आता १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलंय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि डिलिव्हरीची पोच मागून घ्या, त्या पोचेशिवाय पुढे काही हलत नाही.

शाळेचं उत्तर आलं. लेटरहेडवर, सही शिक्क्यानिशी. मला वाचून रडू आलं कारण त्यात लिहिलं होतं शाळेने असा कोणताही निर्णय घेतलेला नाही, पाल्याच्या हितासाठी पालकांना केवळ सल्ला देण्यात आला होता. म्हणजे मीच खोटी पडले असं मला वाटलं. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, आवाजात आनंद, म्हणाल्या ताई हे फार चांगलं झालं, निर्णयच घेतला नाही म्हणजे पोरगा पटावर आहे आणि चौथीतच आहे, १६ जूनला शाळा उघडेल तेव्हा युनिफॉर्म घालून पाठवा, हे पत्र दप्तरात नको, तुमच्या पर्समध्ये ठेवा.

पाठवला. घेतला पण. पण तिसरीच्या वर्गात नेऊन बसवला, त्याच बाकावर. पोरगा घरी येऊन म्हणाला, "मम्मी, सगळे गेले वर." त्याचे वर्गमित्र पहिल्या मजल्यावर चौथीत गेले होते. तो फार बोलत नाही, पण हे वाक्य त्याने झोपेपर्यंत म्हटलं.

मग कायदा उघडावा लागला. मॅडमनी मला दोन्ही कायद्यांची मराठी प्रत वाचायला दिली होती आणि मी खरंच वाचली, दुपारी मशीन बंद करून. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६. त्यात २०१९ ला बदल झाला आणि पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, तिच्यातही नाही झाला तर मागे ठेवण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं असं आलं, महाराष्ट्राने ते लागूही केलंय. पण ते पाचवी आणि आठवीलाच. तिसरीला कोणालाच मागे ठेवता येत नाही. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे २०१९ नंतरही तसंच आहे. कमी श्रेणी आली तर काय करायचं तेही ठरलेलं आहे, मागे पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणायचं, ते काम शाळेचं. आमच्या पोराला जादा मार्गदर्शन एक तास पण मिळालं नव्हतं, वह्या साक्षीला होत्या.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्यातलं कलम ३१ सगळ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्याच्या पसंतीच्या. पसंती मुलाची. शाळेने ठरवायचं नाही की तुझी जागा तिकडे आहे. विशेष शाळा वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, कितीतरी मुलांसाठी तीच योग्य असते आणि तिथले शिक्षक जीव ओतून शिकवतात, पण ती निवड आमची. आणि याच दिव्यांग कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारची मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, खाजगी शाळा म्हणून सुटका नाही, मान्यता घेतली म्हणजे आली.

तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली केली. ही लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते, म्हणजे आमच्याकडे शिक्षण विभागाकडे, आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तिथे समाधान झालं नाही तर मुंबईला राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात मात्र काही हाललं नाही, साहेब दौऱ्यावर, साहेब व्हीसीत, आठ दिवसांनी या. तीन महिने म्हणजे पोराचं पहिलं सत्र गेलं. मी मॅडमना विचारलं हायकोर्टात का नाही जायचं, एका खाजगी वकिलाने मिस्टरांना तसा आकडा पण सांगितला होता, तो आकडा ऐकून मिस्टर जेवले नाहीत. मॅडम म्हणाल्या जाता येईल, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे संभाजीनगर खंडपीठाखाली येतात, आणि तिथेसुद्धा हायकोर्टाची विधी सेवा उपसमिती आहे, मोफतच वकील मिळेल, पण आधी जळगावला दाखलपूर्व प्रकरण करून बघू. म्हणजे केस दाखल व्हायच्या आधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढून बोलावतं.

हायकोर्टाबद्दल एक सांगायचं राहिलं. शेजारच्या मुलीचं आरटीई २०२४ साली अडकलं होतं, आठवतंय ना, ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के लागू नाही. पालक आणि संस्था हायकोर्टात गेल्या, मे मध्ये स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला कोर्टाने तो बदल रद्दच केला. तोपर्यंत हजारो पोरांचे प्रवेश लटकून होते, पण हक्क परत आला. सासऱ्यांना मी हेच सांगितलं, सरकारला मागे घ्यायला लागलं, शाळा काय मोठी. ते म्हणाले, "मंग चाल, मी बी येस."

जळगावला तेच आले सोबत, पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत पोराच्या सगळ्या वह्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस आहे. मला वाटलं होतं कठडा असेल, उभं करतील. साधी खोली, टेबलाभोवती खुर्च्या. प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीशच असतात, ते समोर बसले. शाळेकडून मॅडम, एक संचालक आणि त्यांचे वकील.

शाळेचं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहिते. एका वर्गात पन्नासच्या वर मुलं, एक टीचर, ऑटिझमचं कोणाचंच ट्रेनिंग नाही, आरटीईच्या मुलांच्या फीचे पैसे सरकारकडून वर्षानुवर्षे थकतात, आणि बाकीचे पालक तक्रार करतात की हा मुलगा मध्येच ओरडतो. यातलं काही खोटं नव्हतं. थकलेल्या पैशांचं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सचिव साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, यातलं कोणतं कारण या मुलाला तिसरीत ठेवण्याचा अधिकार देतं? वकील म्हणाले शाळेने ठेवलेलंच नाही. तेव्हा आमच्या मॅडमनी शाळेचं पत्र आणि त्याच्याशेजारी चालू वर्षाच्या तिसरीच्या हजेरीचा फोटो ठेवला, जो क्लास टीचरनेच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, त्यात आमच्या पोराचं नाव. एका कागदावर निर्णय घेतला नाही आणि दुसऱ्यावर पोरगा तिसरीत. संचालकांनी शाळेच्या मॅडमकडे बघितलं आणि त्यानंतर बोलणं एकदम वेगळ्या सुरात सुरू झालं. सासऱ्यांनी तेव्हाच वही काढून टेबलावर ठेवली, गणिताची, आणि साहेबांना म्हणाले, "पोऱ्याले गणित येस साहेब. त्याले बसू द्या, आम्ही दुसरं काय मांगतस?" साहेबांनी वही पानंपानं उलटून बघितली. खरंच बघितली.

जे ठरलं ते असं की पोरगा दुसऱ्या दिवसापासून चौथीत, दाराजवळच्या पहिल्या बाकावर, म्हणजे गोंगाट झाला तर त्याला व्हरांड्यात पाच मिनिटं जाता येईल, पेपरला जादा वेळ, जिथे लिहिता येत नाही तिथे तोंडी, आठवड्यातून एकदा टीचर माझ्याशी बोलणार, आणि दाखल्याचा विषय शाळेकडून काढायचा नाही. हे नुसतं लिहून ठेवलं नाही, सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवून त्याचा निवाडा करून घेतला. मॅडमचा याच्यावर फार जोर होता, कारण लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. साध्या तडजोडीच्या कागदाला शाळेतला माणूस बदलला की कोणी विचारत नाही.

जाऊबाईंची भीती होती तसं वर्गात कोणी काही केलं नाही. टीचर पहिले काही दिवस तुटक बोलायच्या, मग एक दिवस त्यांनीच विचारलं की हा कान का झाकतो, तेव्हा काय करायचं. मी सांगितलं. त्यांना आतापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं, शाळेने सर्टिफिकेट फाईलला लावून टाकलेलं.

एक गोष्ट सुटलेली नाही. पोरासोबत वर्गात बसणारा मदतनीस, शॅडो टीचर म्हणतात तो, त्याचा पगार कोणी द्यायचा. शाळा म्हणते आमच्याकडे पैसा नाही, आणि आम्ही आईबाप तर देऊच शकत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात आहेत पण ते एवढ्या शाळांत फिरतात की एका पोराजवळ रोज बसणं त्यांना शक्य नाही. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरायला सांगितलंय, आमच्याकडे तसं प्रत्यक्षात दिसत नाही. या मुद्द्यावर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार दिली आहे, त्याचा ड्राफ्ट पण वकील मॅडमनीच केला, आयुक्तांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. तिथली सुनावणी अजून व्हायची आहे.

कोणाला जायचं असेल तर सोबत पोराचा जन्मदाखला किंवा आधार, दिव्यांग सर्टिफिकेट असेल तर ते, प्रगतीपुस्तक, शाळेच्या मेसेजचे प्रिंटआऊट तारखेसकट, आणि वह्या न्या, वह्या नक्की न्या. सर्टिफिकेट अजून निघालं नसेल तरी अडत नाही, बालक म्हणून अर्ज घेतात. आणि शाळेने फॉर्म पुढे केला तर सही करायच्या आधी १५१०० ला फोन लावा.